धरण क्रमांक चौदा

याला नाव नाही. कागदोपत्री चौदा, एवढंच.
नेब्रास्कात, टर्की क्रीकच्या वरच्या अंगाला,
मका संपून कुरण सुरू होतं तिथे,
तीस फूट उंचीचा मातीचा भराव.
लांबून टेकडीच वाटावी,
फक्त कुणीतरी पट्टी धरून आखलेली.

वर्षातून दोनदा मी याच्यावरून चालते.
एप्रिलमध्ये, गवत वाढायच्या आत,
आणि मग मका निघाल्यावर.
हातात कुदळीचा दांडा, खिशात वही,
पायात एमिलचे गमबूट,
दोन जोड मोजे घालून मापाचे केलेले.

माझ्या आधी तो चालायचा, एकोणतीस वर्षं.
म्हणायचा, व्हर्लीन, माथ्यावरून काय बघतेस,
पायथ्याशी ये.
सगळीकडे वाळलेलं असताना
जिथलं गवत उगाच हिरवं,
तिथे पाणी मुरतंय समज.

झिरपणारच. मातीच ती.
झिरपा बरणीत धरायचा, उन्हाकडे करायचा.
नितळ असेल तर वाहू दे.
गढूळ असेल तर वही टाक आणि फोनकडे पळ,
कारण मग येतंय ते पाणी नसतं,
धरण येत असतं, चिमूट चिमूट.

आजचं लिहून ठेवते.
उताराच्या मध्यावर बॅजरचं बीळ.
दांडा पुरता आत गेला, मग हातही, कोपरापर्यंत.
कॉटनवुडची दोन रोपं, करंगळीएवढी,
पानं नुकती चिकट, चमकदार. उपटली.
झाडाशी माझं वैर नाही, पण ते मेल्यावर
मुळं कुजतात आणि भरावात नळ्या सोडून जातात.
विसर्गाच्या जाळीत मक्याची धाटं, एक टायर,
आणि कुणाच्या तरी अंगणातली प्लास्टिकची खुर्ची.
तिच्यावर बसून मी सँडविच खाल्लं.

तेवढ्यात खालच्या घरातला ब्राइस वर आला,
नवा आहे, मार्चमध्ये राहायला आलाय.
म्हणाला, तुमच्या तळ्यात पाणीच नाही, बिघडलंय का?

रिकामं आहे म्हणजे ठीक आहे, मी म्हटलं.
रिकामं राहणं हीच त्याची नोकरी.
शेकडो दिवस नुसतं पडून राहायचं,
एका रात्रीसाठी.

तशी एक रात्र मी पाहिली आहे.
एमिल पिकअपचे दिवे पाण्यावर सोडून बसलेला,
दर अर्ध्या तासाला काठावर एक काठी रोवत.
पहाटेपर्यंत अकरा काठ्या बुडाल्या.
बारावी उभी राहिली, सांडव्याच्या हातभर खाली.
सकाळी गावातल्या पुलाखालून ओढा
रोजच्यासारखाच गेला, जरा मातकट.
पेपरात चौथ्या पानावर भोपळ्यांची स्पर्धा होती,
आमचं काही नव्हतं.
न झालेल्या पुराचा फोटो कोण काढणार?

हे बांधलं तेव्हा खाली फक्त कुरण होतं.
फुटलं तर गाई जातील, असा हिशेब,
आणि माती त्या हिशेबाने घातलेली.
आता नऊ घरं आहेत, एक ट्रॅम्पोलिन,
चर्चने वाढवलेलं पार्किंग.
इथली ढेकूळसुद्धा हलली नाही,
धोका मात्र खालून चालत आला
आणि त्याने पडदे लावले.

आराखड्यात आयुष्य लिहिलंय पन्नास वर्षं.
ती संपून तेरा झाली.
मी तीन पत्रं पाठवली, एकाचं उत्तर आलं:
विचाराधीन.

मग, सुरक्षित आहे का, ब्राइसने विचारलं.
मी त्याच्या हातात बरणी दिली.
त्याने ती उन्हाकडे धरली, जशी धरायची तशी,
कुणी न शिकवता. बराच वेळ धरली.
नितळ, तो म्हणाला.
आज, मी म्हटलं.

चिकणमातीच्या सहा बादल्या लागल्या.
तीन त्याने आणल्या.
थर टाकायचा, तुडवायचा, पुन्हा थर.
वहीत लिहिलं: बीळ बुजवलं.
खाली, एमिल लिहायचा तेच:
परत येऊन बघणे.
बॅजर बहुतेक तेव्हाही आतच होता.